मी सातारा सांगायचे, ते पुण्याकडे पळायचे

ज्या दिवशी माझी टीम माझं ऐकेनाशी झाली, त्या दिवशी आम्ही जिंकत होतो. हे आधीच सांगते, कारण हरत असतो तर मला संशय लवकर आला असता. जिंकणाऱ्या टीमला कोणी प्रश्न विचारत नाही.

संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग अडकले. मला सवय पत्रकांची. पुण्यात कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहिली. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला शिकायला आले तेव्हा एकेका खोलीत पाच-पाच स्टुडंट कोंबणाऱ्या घरमालकांविरुद्ध लिहिली. पत्रकाचं सोपं असतं. वर राग, खाली मागणी, मध्ये दोन मुद्दे, की निघाला कागद फोटोकॉपीला. या गोष्टीत राग भरपूर आहे. मागणी कोणाकडे करायची, ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही.

तर माझं काम. मी वॉलॉंगॉंगच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये खेळ आणि आरोग्य शिकवते. आई नातेवाइकांना ‘पीटीची बाई आहे’ असं सांगते आणि पटकन विषय बदलते, कारण मला इकडे पाठवलं होतं इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी. शाळा सुटल्यावर मी मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवते. इथे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. हेल्मेटवाला, खांद्यांना पॅड लावलेला, टीव्हीवर तुम्ही चुकून लावता आणि चॅनेल बदलता तो. गणपतीच्या कार्यक्रमात दरवर्षी एक काका विचारतात, “म्हणजे रग्बीच ना?” मी दरवर्षी नाही म्हणते. ते दरवर्षी “तेच ते” म्हणतात.

या खेळात मी कशी शिरले, तर वजनामुळे. युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या टीमला लाइनसाठी दणकट मुली हव्या होत्या. त्यांच्या स्टॉलसमोरून मी सामोसा खात चालले होते. एक मुलगी धावत आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आनंदाने म्हणाली, “ओ यू आर परफेक्ट!” आयुष्यात पहिल्यांदा माझा आकार बघून कोणी खूश झालं होतं. मी गेले, आणि राहिले.

आता खेळ. घाबरू नका, दोन मिनिटांत सांगते. हल्ला करणाऱ्या टीमला चार संधी मिळतात आणि तेवढ्यात बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. जमलं की आणखी चार. बॉल फेकून पुढे नेता येतो, किंवा हातात धरून पळत. टीव्हीवर जे टाळ्या घेतं ते फेकणं. आम्ही फेकत नव्हतो. आम्ही पळायचो. पहिली संधी पळायचो, दुसरी पळायचो, तिसरी पळायचो. आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या एका कोचने मला चेष्टेने विचारलं होतं, “तुझ्या क्वार्टरबॅकला खांदा आहे की नाही?” (क्वार्टरबॅक म्हणजे बॉल वाटणारा आणि फेकणारा, टीमचा नवरदेव.) त्या दिवशी समुद्रावरून वारा असा सुटला होता की त्याच्या टीमने फेकलेले बॉल वाट चुकलेल्या पतंगासारखे कुठेही जात होते. आम्ही आपले पळत राहिलो. संध्याकाळी त्याने हात मिळवला, पण डोळे मिळवले नाहीत.

वारा हे सांगायचं कारण. खरं कारण माझ्या डोक्यातल्या राजकारणाचं होतं. फेकायच्या खेळाला एक हिरा लागतो. असा मुलगा श्रीमंत शाळेत असतो, त्याला प्रायव्हेट कोचिंग असतं. पळायच्या खेळाला पाच जण लागतात, ज्यांची नावं कोणाला माहीत नसतात. हे पाच म्हणजे लाइन. बॉलच्या पुढ्यात वाकून, एक हात जमिनीवर टेकवून बसतात. मधला सेंटर, तो बॉल पायांमधून मागे देतो. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड. त्यांच्या बाहेर दोन टॅकल. बॉल पळवणारा हात वर करून नाचतो तेव्हा हे पाच जण कुठेतरी एकमेकांवर पडलेले असतात. पाचांनी एकाच क्षणी, एकाच दिशेने पहिलं पाऊल टाकलं तर भिंत हलते. चौघांनी टाकलं तर बॉलवाला चिरडला जातो. मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे, “तुमच्या शेजाऱ्याची जागा ही तुमचीही जागा आहे. तो कमी पडला तर तुम्ही भरून काढायचं. लाइनमध्ये कोणी एकटा नसतो.” स्टीलवर्क्समध्ये आयुष्य घालवलेला माझा असिस्टंट, डेव्ह, हे ऐकून म्हणायचा, “मेट, हे तू फुटबॉल शिकवतेयस की युनियन काढतेयस?” मी म्हणायचे, दोन्ही.

आमचं मुख्य अस्त्र एकच होतं, दोन दिशांना. उजवीकडे पळायचं असेल तर मी ओरडायचे ‘सातारा’. डावीकडे असेल तर ‘पुणे’. समोरच्यांना कळू नये आणि वाऱ्यात दोन शब्द एकसारखे ऐकू येऊ नयेत, एवढाच हेतू. ऑस्ट्रेलियन, टोंगन, लेबनीज पोरं दात ओठ खाऊन “पूने! पूने!” ओरडताहेत, हे दृश्य मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. तेव्हा ती माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदा हसली.

साताऱ्यात काय व्हायचं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लाइन उजव्या बाजूला एक दार ढकलून उघडते. आणि डावा गार्ड, जो त्या दारापासून लांब आहे, तो आपली जागा सोडतो, मागून वळसा घालतो, आणि सगळ्यांच्या आधी त्या दारात घुसून समोर जो उभा असेल त्याला पूर्ण वेगाने भिडतो. बॉलवाला त्याच्या मागे. म्हणजे साताऱ्यात सगळ्यात मोठी धडक डाव्या गार्डची. पुण्यात हेच उलट. धावतो उजवा गार्ड, आणि डाव्याने शेजारच्या टॅकलबरोबर खांद्याला खांदा लावून समोरच्याला नुसतं ढकलायचं.

माझा डावा गार्ड होता ओंकार. आपला मराठी मुलगा. आई-बाबा दोघंही पूर्वी इथे शिकायला आलेले, आता कायमचे. स्मिताताई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, संजयदादा पोर्ट केम्ब्लाच्या बाजूला एका प्लांटमध्ये इंजिनिअर. ओंकार दांडगा, गोड आणि पूर्ण एकटा. जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसणारा. मीच त्याला मैदानावर ओढलं. पहिल्या सीझनमध्ये संजयदादा मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाले,

“अगं मुग्धा, सगळं ठीक आहे, पण याच्या हातात बॉल कधी येणार?”

“कधीच नाही, दादा. गार्डच्या हातात बॉल येत नाही.”

“कधीच म्हणजे?”

“म्हणजे आला तर काहीतरी चुकलंय असं समजायचं.”

त्यांनी जरा विचार केला. “मग मी आजीला काय दाखवू?”

पण महिनाभराने तेच येऊन सांगू लागले की ओंकार रविवारी घरी नसतो, सेंटर खेळणाऱ्या सिओनेच्या घरी असतो. सिओने म्हणजे टीमचा कप्तान, टोंगन मुलगा, दारात मावत नाही एवढा. त्याच्या घरी जेवायला वीसेक माणसं असतात आणि ओंकार त्यांतला एक झाला होता. मला याचा अभिमान होता. माझ्या पत्रकातली एकी मी डोळ्यांनी बघत होते.

आमची टीम लहान. नियमाप्रमाणे मॅचला, काठावर युनिफॉर्ममध्ये बसलेली धरून, जेवढी मुलं किमान लागतात, बरोब्बर तेवढीच आमच्याकडे उरली होती. काहींना नोकऱ्या लागल्या, एकाचा पाय मोडला. एक जण जरी कमी झाला तरी मॅच समोरच्यांना बहाल. मुलांना हे पाठ होतं.

सेमीफायनल. पहिल्या हाफमध्ये मी सातारा सांगितलं, ओंकार वळसा घालून आला आणि समोरच्या मुलाशी त्याची हेल्मेटला हेल्मेट धडक झाली. आवाज मला काठावर ऐकू आला. हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू तरीही हिंदकळतो, आणि त्यालाच कन्कशन म्हणतात. मी ‘बाहेर’ अशी खूण केली. नियम असा की स्पर्धेचा फर्स्ट-एडवाला मुलाला काठावर घेतो आणि साधे प्रश्न विचारतो. आत्ता कुठल्या मैदानावर आहेस? कितवा हाफ चालू आहे? शेवटचा स्कोअर कोणी केला? मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलात? उत्तरं चुकली की मुलगा बाहेर, आणि मग कित्येक आठवडे बाहेरच. समोरच्यांकडे बॉल गेला होता, माझी बचावाची गडबड चालू होती. मी मान वळवली तेव्हा फर्स्ट-एडवाला अंगठा वर करून दाखवत होता. पास.

दुसऱ्या हाफमध्ये मी सातारा सांगितलं आणि टीम पुण्याकडे पळाली.

वारा असेल, म्हटलं. पुढच्या वेळी दोन्ही हात वर करून ओरडले. सातारा! पुन्हा पुणे. तिसऱ्यांदा मी क्वार्टरबॅकला काठाशी बोलावून त्याच्या हेल्मेटची जाळी धरून सांगितलं. तो “येस मिस” म्हणाला, घोळक्यात गेला, सिओने काहीतरी पुटपुटला, आणि अख्खी लाइन डावीकडे. समोरच्यांचाही अंदाज चुकला, कारण आम्ही नेहमी उजवीकडे जास्त पळायचो. आम्ही यार्ड कमावत होतो. डेव्ह हसत होता. “पोरांनी संप केलाय, मेट. आणि संप यशस्वी आहे.”

आम्ही जिंकलो. सगळे मिठ्या मारत होते आणि मी मध्यभागी रागाने लाल उभी होते. मला वाटलं, सिओनेच्या डोक्यात हवा गेलीय. कप्तान झाला, आता कोच नको.

सोमवारी दुपारी प्रॅक्टिसला मी बाकी सगळं रद्द केलं. लाइन बसवली. “आज फक्त सातारा. दुसरं काही नाही.”

मुलं इंग्रजीत बोलतात, मी इथे मराठीत लिहितेय.

सिओने बॉलवर हात ठेवून बसला होता. मी शिट्टी वाजवली. बॉल हलला नाही.

“सिओने, बॉल.”

“पुणे करू ना, मिस.”

“मी पुणे म्हटलेलं नाही.”

“पुणे चांगलं आहे, मिस. पुण्याला सगळं नीट होतं.”

पुण्याची एवढी तरफदारी मी पुणेकरांखेरीज कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. दुसरी वेळ असती तर हसले असते. मी म्हटलं, “ठीक. लाइन नको. ओंकार, तू एकटा. वळसा घे, बॅगवर धडक मार. चल.”

ओंकार पुढे आला. आणि चारही जण उठून त्याच्या आणि बॅगच्या मध्ये येऊन उभे राहिले. हाताची घडी घालून. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या मागे ओंकार सवयीने वाकला, हात जमिनीवर टेकवला, मान खाली घातली, आणि तसाच हळूहळू कुशीवर कलंडला. ढकलल्यासारखा नाही. उभं केलेलं पोतं सरकतं तसा.

मी त्याच्याजवळ बसले. त्याने डोळ्यांवर हात धरला होता. “उजेड खूप आहे, मिस.” आभाळ भरलेलं होतं. उजेड कुठेच नव्हता.

“ओंकार, शनिवारी आपण कोणाशी खेळलो?”

त्याने हात काढला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. शांतपणे, सवयीने. फळ्याकडे बघतात तसं.

मी मागे वळले. सिओनेचे ओठ हलत होते. तो आवाज न करता त्या शाळेचं नाव सांगत होता. त्याच्या शेजारच्या टॅकलने दोन बोटं वर केली होती, कितवा हाफ विचारलं तर तयार असावं म्हणून.

मी दहावीला ज्या केंद्रावर बसले होते तिथे खिडकीतून कॉप्या पुरवणारी पोरं असायची. मला तो प्रकार माहीत आहे. पण तिथे फार तर एक नापास पास व्हायचा. इथे ही मुलं एका दुखावलेल्या मेंदूला कॉपी पुरवत होती. आत्ता मला आठवलं, शनिवारी काठावर फर्स्ट-एडवाल्याच्या पाठीमागे पाणी प्यायच्या निमित्ताने तीन जण उभे होते. त्यांनी त्याला पास केलं होतं. आणि मग, त्याला धडक द्यायला लागू नये म्हणून, प्रत्येक सातारा त्यांनी पुण्याला नेला होता. टॅकलने त्याला पट्ट्याला धरून उभं केलं, खांदा लावून ढकललं, खाली बसवलं, उठवलं. अख्खा हाफ. एकाही माणसाला कळू न देता. मलाही.

“का?” मी विचारलं.

सिओने माझ्याकडे असं बघत होता की जणू मी फारच सोपा प्रश्न विचारलाय. “तो बाहेर तर सगळे बाहेर, मिस. आणि शेजारी कमी पडला तर आपण भरून काढायचं. तुम्हीच...”

“अरे, त्याचं डोकं आहे ते!”

“म्हणून तर त्याला धडकू दिलं नाही ना.”

त्याला खरंच वाटत होतं की त्यांनी ओंकारला सांभाळलं. तो खोटं बोलत नव्हता. हे मला अजून पचत नाही. या मुलांपैकी एकही भित्रा, नालायक, स्वार्थी नव्हता. त्या मैदानावर सगळ्यात चांगली असलेली गोष्ट, ती एकी, तीच एका मुलाला मारायला निघाली होती. हादरलेल्या मेंदूला पुन्हा तडाखा बसला तर मूल जागच्या जागी जाऊ शकतं. तडाखा म्हणजे धडकच लागते असं नाही. पडणंही पुरतं.

डेव्हने गाडी काढली. इमर्जन्सीत संजयदादा ऑफिसच्या बुटांवर धावत आले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सुदैवाने आत रक्तस्राव नाही, पण कन्कशन नक्की. स्क्रीन बंद, शाळा बंद, खेळाचा विषय अनेक आठवडे काढायचा नाही. डॉक्टर गेल्या. संजयदादा खुर्चीत बसले.

“रविवारी उलटी झाली होती त्याला,” ते म्हणाले. “आम्हाला वाटलं, सिओनेकडे जास्त खाल्लं असेल. स्मिताने पॅरासिटामॉल दिली.” मग वर न बघता, “फायनल शनिवारी ना?”

“आम्ही उतरणार नाही, दादा. मुलं कमी पडतात.”

“नुसता उभा राहील तो.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“काठाला गं. युनिफॉर्म घालून. आकडा भरायला. खेळवू नकोस ना, कोण म्हणतंय खेळव.”

“मैदानात उतरल्यावर कोण कोणाला थांबवतं? दादा, तुम्ही इंजिनिअर आहात. तुमच्या प्लांटमध्ये चालेल का असं, आकडा भरायला माणूस?”

त्यांचे डोळे भरले. “मुग्धा, त्याला पहिल्यांदा मित्र मिळालेत. शाळेच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्यामुळे सगळ्यांची फायनल गेली तर सोमवारी त्याच्याशी कोण बोलणार? तू?”

मी नाही म्हणाले. फक्त नाही.

तिथूनच मी स्पर्धेच्या समितीतल्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, तपासणीत गडबड झालीय, सेमीफायनलच्या निकालाचाही विचार करा, आणि पुढच्यासाठी तपासणी वेगळ्या खोलीत, टीमपासून लांब ठेवा. एवढीच मागणी. ते फार प्रेमाने बोलले. “नो वरीज. पण बघ, आमच्या नोंदीत मुलगा पास आहे. फर्स्ट-एडने पास केलंय. तुझ्या प्रॅक्टिसमध्ये काय झालं ते तुझ्या प्रॅक्टिसमध्ये. फायनलला लोक येणार आहेत, सॉसेज भाजून विकायचा स्टॉल ठरलाय. तू उगाच मोठं करू नकोस.”

एका मुलाच्या मेंदूच्या समोर तराजूत सॉसेज! आजवर मी कितीतरी बेशरम घरमालकांशी भांडले, पण ते निदान ओरडायचे तरी. हा माणूस गोड बोलत होता. मी त्याला काय म्हणाले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. तपासणीच्या खोलीसाठी मी नंतर पत्रक काढलं, सगळ्या शाळांच्या पालकांत वाटलं, आणि ती खोली या वर्षी मिळाली. पार्किंगमधला एक तंबू आहे, पण आहे. तेवढा विजय मी माझ्या नावावर घेते.

मुलांना मी मैदानावरच सांगितलं. फायनल नाही. सिओने हेल्मेट उचलून चालू लागला. गेटपाशी थांबून म्हणाला, “तुम्ही विचारलं नसतं तर कोणाला कळलं नसतं.” त्यानंतर वर्गातही तो माझ्याशी ‘येस मिस’ आणि ‘नो मिस’ एवढंच बोलायचा.

संजयदादांची भीती मात्र अर्धीच खरी ठरली. टीम ओंकारशी बोलत राहिली. माझ्याशीच बोलणं टाकलं.

पाचेक आठवड्यांनी मी ओंकारला भेटायला घरी गेले. पडदे ओढलेले. स्मिताताईंनी चहा दिला आणि माझ्यासमोर बसल्या नाहीत, स्वयंपाकघरात भांडी आवरत राहिल्या. ओंकारचा रंग परतला होता. शाळेत अर्धा दिवस जायला लागला होता. तो एकदम उत्साहात म्हणाला,

“मिस, सेमीचा सेकंड हाफ कसा खेळलो मी? सगळे म्हणतात भारी खेळलो. मला काहीच आठवत नाही.”

मी संजयदादांकडे पाहिलं. ते दारात उभे होते. म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं. मित्रांनीही नाही, आई-बाबांनीही नाही. तो पाच आठवडे अंधारात पडून स्वतःच्या भारी खेळाची वाट बघत होता, कधीतरी आठवेल म्हणून.

मी सांगितलं. सगळं. उत्तरं कोणी दिली. सातारा पुण्याला कसा गेला. पट्ट्याला धरून कोणी उठवलं. तो ऐकत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा घरात चोरी झाल्याचं कळल्यावर होतो.

“म्हणजे मी खेळलोच नाही,” तो म्हणाला. “मला नुसतं... ठेवलं होतं.”

“ते तुला वाचवायला बघत होते.”

“मला कोणी विचारलं?”

त्याने फोन उचलला, सिओनेला लावला आणि स्पीकर चालू केला. माझ्यासमोर, बाबांसमोर. “तू मूर्ख आहेस,” तो म्हणाला. “माझं डोकं आहे. मला विचारायचं होतंस.”

पलीकडे टीव्हीचा आणि लहान मुलांचा गोंगाट होता. तो बंद झाला, सिओने कुठेतरी बाहेर आला असावा.

“विचारलं होतं, ब्रो,” तो म्हणाला. “लगेच. तू खाली पडलेला असताना. तुला आठवत नाही.”

“मी काय म्हणालो?”

“आय अ‍ॅम फाइन, म्हणालास. मग मला विचारलंस, आपण कुठे आहोत.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. फोन कोणीच ठेवला नाही. सिओने तिकडे नाकाने जोरजोरात श्वास घेत होता. मग तो म्हणाला, “तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी.” हे तो ओंकारला म्हणाला की मला, माहीत नाही. मी तिथे आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

या सीझनपासून मी पडलेल्या मुलाला ‘ठीक आहेस का’ विचारत नाही. त्या प्रश्नाचं एकच उत्तर असतं आणि ते फुकट असतं. मी त्याच्या शेजाऱ्याला विचारते, आणि शेजारी म्हणेल ते शेवटचं. पालकांना हे आवडलेलं नाही. मुलांना तर अजिबात नाही. इथे मित्राची चुगली करणाऱ्याला डॉबर म्हणतात आणि त्याहून वाईट शिवी शाळेत नाही.

ओंकार आता खेळत नाही. डॉक्टर हो म्हणाल्या होत्या, तो नाही म्हणाला. त्याच्या जागी नवा मुलगा आहे, चपळ, तोंडाळ. गेल्या शनिवारी साताऱ्यात तो आपटला आणि उठून हसत उभा राहिला. आम्ही पिछाडीवर होतो आणि गोल लाइन समोर होती. मी सिओनेला विचारलं, “शेजारचा कसा आहे?”

सिओनेने त्याच्या हेल्मेटच्या जाळीतून आत डोळ्यांत वाकून पाहिलं. गर्दी ओरडत होती. त्याने घाई केली नाही.

“नाही, मिस,” तो म्हणाला. “बाहेर घ्या.”

नवा मुलगा मैदानाबाहेर जाईपर्यंत सिओनेला डॉबर, डॉबर ओरडत होता, आणि आमच्याच बेंचवरच्या दोघांनी त्याला साथ दिली. सिओनेने ते सगळं ऐकून घेतलं. मग तो आपल्या जागी गेला, वाकला आणि बॉलवर हात ठेवला.